तुम्ही दात खाता का?

आधीच सांगते, या गोष्टीत शहाणं कोणीच नाही, आणि सगळ्यात कमी शहाणी मी. तेव्हा मध्येच थांबवून "अगं पण तुला एवढंसुद्धा कळलं नाही?" असं विचारू नका. नाही कळलं. कळलं असतं तर मी हे तुम्हाला सांगत बसले असते का? चहा घ्या, गार होतोय.

तर खालापुरात माझं शिवणाचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, फॉल-बिडिंग. तीस वर्षं मशीन चालवतेय आणि तीस वर्षं दोरा दातानं तोडतेय. कात्री समोरच असते, पण ती उचलायची, दोरा धरायचा, कापायचा, एवढा वेळ कुणाला आहे? तोंडाशी नेला, तोडला, पुढचं काम.

गेल्या वर्षी होळीच्या आधी उजव्या कानापुढे दुखायला लागलं. मला वाटलं कान. थेंब घातले. मग वाटलं अक्कलदाढ. ती दाखवली, तर म्हणाले दाढ ठणठणीत आहे. मग जांभई दिली की कानाशी 'कट' असा आवाज यायला लागला. एकदा तर माप द्यायला उभी असलेली बाई म्हणाली, "ताई, सुई मोडली काय हो?" आणि एक दिवस सकाळी उठते तर तोंडच उघडेना. जेमतेम दोन बोटं जातील एवढी फट. भाकरीचा घास आत जाईना.

"तोंड उघडत नाय म्हंजे तुझं अडलं कुठं?" असं आमचे हे म्हणाले. हे रसायनीला कंपनीत आहेत. बोलतात कमी, आणि बोलतात तेव्हा असं बोलतात.

पण माझं अडत होतं. आमच्या वाडीत चौदा एप्रिलला जयंतीची मिरवणूक निघते. ती निघायच्या आधी विहारासमोर एक गाणं होतं. ते पहिलं गाणं चौदा वर्षं मी गातेय. मागे दहा-बारा बायका झील धरतात, आणि पुढे माईकसमोर मी. वर्षभर मी लोकांची मापं घेते, त्या एका दिवशी लोक मला ऐकतात. आणि त्या गाण्यात मध्ये एक अशी उंच जागा आहे की तिथं तोंड आ करून उघडावंच लागतं. दोन बोटांच्या फटीतून ती निघत नाही. मी मोरीत जाऊन करून बघितली, मांजरावर पाय पडल्यासारखी निघाली. जयंतीला पाच आठवडे राहिले होते.

मी ठरवलं, काय वाट्टेल ते झालं तरी तोंड उघडायचं आणि यंदाही मीच गायचं. आता एवढा हट्ट कशासाठी, तेही सांगून टाकते. मी गायले नाही तर गाणार कोण? मंगल.

मंगल म्हणजे माझी धाकटी जाऊ. आमचं घर मूळचं एकच, मध्ये भिंत घालून दोन केलं. नळ अंगणात, दोघींत एक. अकरा वर्षांपूर्वी एका बारशाला मी गात होते, मध्येच मला खोकल्याची उबळ आली, तर या बाईनं माझ्या हातातला माईक घेतला आणि माझं गाणं पुरं केलं. बरं, केलं तर केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या गाण्याला नाही, तिच्या अर्ध्या गाण्याला. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं. नळ आला की ती भिंतीकडं बघून म्हणणार, "कुणी जागं असंल तर नळ आलाय." मी माझ्या बादलीला सांगणार, "चल गं, आपल्याला बोलावलंय." अकरा वर्षं असं चाललं होतं. माझी बादली माझ्यापेक्षा जास्त बोलली असेल तिच्याशी.

तर कर्जतला एक तरुण डॉक्टर आहे, दातांचा, पण जबड्याचंही बघतो, असं एका गिऱ्हाइकानं सांगितलं. एसटी पकडली आणि गेले.

पोरगाच होता, पण हात शहाणा. त्यानं दोन्ही हातांची बोटं माझ्या दोन्ही कानांपुढे ठेवली. उघडा म्हणाला, मिटा म्हणाला. कट. पुन्हा उघडा. कट. "उघडताना जबडा उजवीकडं सरकतोय," म्हणाला. मग माझीच बोटं उभी धरून मला तोंडात घालायला लावली. "तीन जायला पाहिजेत, तुमची दोन जातायत. मावशी, हा कान नाही आणि दाढही नाही. हा जबड्याचा सांधा आहे. गुडघ्यासारखाच सांधा, पण दिवसभर वापरतो आपण. तो सुजलाय."

इतक्या दिवसांत कुणीतरी पहिल्यांदा ठामपणे काहीतरी सांगत होतं. मला तर रडूच यायचं बाकी होतं.

"सुपारी खाता?" त्यानं विचारलं.

"नाही."

"दातानं काही तोडता?"

"दोरा."

"ते आजपासून बंद." त्यानं आरसा घालून दात बघितले, कागदावर काहीतरी लिहिलं आणि लिहिता लिहिताच विचारलं, "तुम्ही दात खाता का?"

इथं जरा थांबा. आमच्याकडं झोपेत पोर कराकरा करायला लागलं की आम्ही म्हणतो, दात वाजवतंय. दात खायचे ते माणसावर. अमका तमक्यावर दात खाऊन आहे, म्हणजे त्याच्यावर डूख धरून आहे. मला दुसरा अर्थ माहीतच नव्हता. माझ्या तर अंगावर काटा आला. म्हटलं, हा डॉक्टर आहे की कोण आहे? माझ्या तोंडात बघून याला मंगल दिसली?

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी हळूच विचारलं.

"दातांवरून कळतं ना. झिजलेत. खाता का मग?"

खोटं बोलून चालणार नव्हतं. मला बरं व्हायचं होतं.

"खाते," मी म्हटलं.

"किती वर्षं?"

"अकरा."

त्यानं मान वर केली. "एवढं नक्की कसं आठवतं?"

"बारसं होतं."

त्याला काय समजलं कुणास ठाऊक, पण त्यानं लिहून घेतलं. "त्रास कधी जास्त होतो?"

"सकाळी. नळ येतो तेव्हा."

"म्हणजे उठल्या उठल्या. बरोबर आहे. डोक्याला काही ताण असतो का?"

"एकच आहे. भिंतीपलीकडं राहतो."

तो हसला. त्याला शेजारच्यांचा टीव्ही वगैरे वाटला असणार. मग पेन खाली ठेवून मला समजावून सांगायला लागला. पंधरा दिवस मऊ खायचं. गरम पाण्यात फडकं पिळून शेकायचं. जांभई आली तर हनुवटीखाली मूठ धरायची. जीभ टाळूला लावून हळूहळू तोंड उघडायचं आणि मिटायचं. "पण मावशी, मुख्य गोष्ट म्हणजे दात खाणं थांबलं पाहिजे. ते थांबत नाही तोवर बाकी कशाचा फारसा उपयोग नाही."

"थांबतं ते? अकरा वर्षांचं?"

"सवय आहे ती, मोडता येते. दिवसातून दहा वेळा स्वतःला विचारायचं, मी आत्ता दात खातेय का? खात असाल तर सैल सोडायचं. पंधरा दिवसांनी या, मग बघू."

आता सांगा, माझी चूक काय? एवढं सगळं बरोबर जुळत असताना मी वेगळा अर्थ काढायचा कसा?

घरी येऊन मी चिठ्ठी लिहिली, 'मी आत्ता दात खातेय का?', आणि मशीनला चिकटवली. पहिल्या दिवशी दहा वेळा विचारलं. दहाही वेळा उत्तर आलं, हो. दुसऱ्या दिवशी बारा वेळा विचारलं. मंगल अंगणात पापड वाळत घालत होती, त्यामुळे दोन वाढले. सैल सोडायला गेले की ते बारसं आठवायचं, टाळ्या आठवायच्या, आणि जबडा जास्तच दुखायचा. तिसऱ्या दिवशी मी चिठ्ठी काढून टाकली. म्हटलं, ही वरवरची मलमपट्टी झाली. मुळातच जायला पाहिजे. मंगलशी बोलायचं, माफी मागायची आणि दात खायचं कायमचं बंद करायचं. मनात असो नसो, औषध आहे म्हणून घ्यायचं. मी कारल्याचा रस प्यायलेली बाई आहे, हे काय जड आहे?

सकाळी नळावर गेले आणि म्हटलं, "मंगल, तुझं भरून झालं का गं?"

मंगलनं मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं. तिच्या हातातला हंडा तिनं खाली ठेवला.

"माज्याशी बोलताय?"

"तुझ्याशीच. बारशाला तू माईक घेतलास, त्याचा मी राग धरला. चुकलं माझं. आजपासून मनात काही ठेवणार नाय मी."

आणि मंगल रडायला लागली. नळाखाली हंडा भरून वाहतोय आणि ही पदर तोंडाला लावून रडतेय. मला वाटलं, बघा, किती साधं होतं, उगाच अकरा वर्षं घालवली.

आता तिकडे काय झालं होतं ते मला नंतर कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगते, नाहीतर तुमचा गोंधळ होईल. मी कर्जतला जाऊन आले त्या संध्याकाळी मंगलनं आमच्या ह्यांना विचारलं होतं, "भावजी, ताईंना काय झालंय?" हे म्हणाले, "जबड्याचं हाय. तोंड उघडत नाय." आमच्या भागात गुटखा खाणाऱ्यांचं तोंड मिटत जातं आणि पुढं काय होतं हे सगळ्यांना माहीत आहे. मंगलचा सख्खा मामा त्यातच गेला. तिनं घाबरून विचारलं, "डॉक्टर काय म्हनला?" तर हे म्हणाले, "काय म्हननार? सगळं सैल सोडा म्हनला." आणि आत निघून गेले. झालं. मंगलनं मनाशी धरलं, ताई काही वाचत नाहीत. आणि त्यात चौथ्या दिवशी मी नळावर माफी मागितली.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला वाटलं औषध लागू पडतंय. मग मी डोस वाढवला. दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, "मंगल, यंदा जयंतीचं पहिलं गाणं तू घे."

हे मी का बोलले? मला स्वतःलाच पटत नव्हतं. ज्या गाण्यासाठी एवढा आटापिटा केला, तेच गाणं मी उचलून दिलं? पण मनात हिशेब पक्का होता. गाणं तिच्याकडं जाऊ नये म्हणूनच तर मी तिच्यावर दात खात होते. मुळावर घाव घालायचा तर तो इथंच घालायचा. आणि मनातल्या मनात मी असंही म्हणत होते की जबडा बरा झाला की ती स्वतःच परत देईल.

मंगलनं माझा हात धरला. "ताई, असं निरवानिरवीचं बोलू नका."

निरवानिरव? मला जरा खटकलं. पण म्हटलं, भावनेच्या भरात शब्द चुकला असेल.

त्या दिवसापासून रोज दुपारी मंगलकडून गुरगुट्या भात यायला लागला, तूप घालून. शेकायला गरम पाणी तीच आणायची. गिऱ्हाइकं एकाएकी गोड झाली. ज्या बायका "उद्याच पायजे" म्हणून डोक्यावर बसायच्या, त्या "सावकाश द्या हो ताई, घाई नाय" म्हणायला लागल्या. एक तर न शिवलेलं कापड परत घेऊन गेली, जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली. मी मनात म्हटलं, माणसानं राग सोडला की सगळं जगच कसं बदलतं बघा.

आणि जबडा खरंच सैल पडला. मऊ खाणं, शेक, व्यायाम, दोरा तोडणं बंद, हे सगळं मी मन लावून करत होतेच. पण श्रेय मी सगळं माफीला दिलं. पंधराव्या दिवशी अडीच बोटं जायला लागली.

कर्जतला जायला निघाले तर मंगल पातळ नेसून तयार. "मी पण येनार. डॉक्टर काय सांगंल ते ऐकायला आपलं मानूस पायजे." मला बरं वाटलं. म्हटलं चल, तुला दाखवतेच डॉक्टरला.

डॉक्टरनं बोटं मोजली. खूश झाला. "छान. दात खाणं कमी झालं?"

"कमी काय, बंद," मी म्हटलं आणि मंगलकडं बोट केलं. "हिच्यावरच खात होते मी. हिची माफी मागितली, गाणं पण देऊन टाकलं."

"यांच्यावर?" डॉक्टरनं मंगलकडं असं बघितलं, जणू तिला कुठं चावल्याच्या खुणा आहेत का ते शोधतोय.

मंगलला राहवलं नाही. ती म्हणाली, "डॉक्टर, खरं काय ते सांगा. आता किती दिवस?"

"अजून एक पट्टी द्यायची आहे दातांवर घालायला," तो म्हणाला. "मग सहा महिने तरी धरा."

"सहाच म्हैने?" म्हणून मंगलनं जो हंबरडा फोडला, बाहेर बसलेले दोन पेशंट उठून निघून गेले.

मग काय, उलगडा करता करता त्या बिचाऱ्या डॉक्टरला घाम फुटला. त्यानं स्वतःचे दात एकमेकांवर घासून दाखवले. कराकरा. "मावशी, दात खाणं म्हणजे हे. माणूस झोपेत असे दात घासतो, त्याला स्वतःला कळतसुद्धा नाही. मी हे विचारत होतो. भांडणाचं मी कुठं काय म्हणालो? आणि यांना काहीही गंभीर झालेलं नाही. सहा महिने पट्टी घालायची, एवढंच."

मंगलचं रडणं एकदम थांबलं. "ह्यो आवाज?" ती म्हणाली. "ह्यो तर मी रोज ऐकते भिंतीतनं. किती वर्षं ऐकते. मला वाटायचं, ही बाई दिवसभर तर माज्यावर दात खातेच, पन झोपेतसुद्धा सुट्टी देत नाय."

डॉक्टर म्हणाला, "मग हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं. घरातल्या माणसालाच कळतं ते."

"बोलनं होतं का आमचं?" मंगल म्हणाली.

आमचे हे? ते शिफ्टवरून आले की ओंडका पडतो तसे झोपतात. त्यांच्या उशाशी रेल्वे गेली तरी त्यांना कळायचं नाही.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. मग मंगल खिडकीकडं बघत म्हणाली, "म्हंजे माफी तुमी औषध म्हनून मागितली."

"आणि तू मला मरतेय म्हणून माफ केलंस," मी म्हटलं.

"दहा दिवस भात घातला मी. तूप घालून."

ती खरंच बोलत होती. मला इतकी लाज वाटली की वाटलं खाली उतरून चालत जावं. माझी माफी खोटी, तिचं रडणं मात्र खरं. तिनं मला मरताना बघितलं मनात, आणि अकरा वर्षांचं सगळं विसरून ती भात शिजवत बसली. मी तिच्या जागी असते तर एवढं केलं असतं का? नसतं केलं. स्पष्ट सांगते.

आठ दिवसांनी पट्टी मिळाली. पारदर्शक, वरच्या दातांवर नीट बसणारी, छोट्या डबीत. "फक्त झोपताना घालायची," डॉक्टरनं दोनदा बजावलं, "आणि दिवसा ओठ मिटलेले पण दात सुटे." मी काटेकोरपणे सगळं पाळलं. जयंतीच्या चार दिवस आधी सकाळी आरशासमोर बोटं घातली. तीन गेली. मोरीत जाऊन ती उंच जागा घेतली. स्वच्छ निघाली. मांजर नाही, काही नाही.

बाहेर आले तर नळावर मंगल उभी. तिनं ऐकलं असणार. ती म्हणाली, "ताई, आता तोंड उघडतंय ना? मरत पण नाय तुमी. घ्या तुमचं गानं."

मला हेच हवं होतं. महिनाभर याच्यासाठीच तर धडपडले होते. पण गेले काही दिवस भिंतीतून मला तिचा सराव ऐकू येत होता. एकच कडवं, पुन्हा पुन्हा, न कंटाळता. ती चांगली गात होती. बारशालाही चांगलीच गायली होती, तेव्हाच कळलं होतं मला, म्हणून तर एवढं झोंबलं.

"नाय," मी म्हटलं. "दिलं ते दिलं. तूच गा."

"औषध म्हनून?"

"औषध संपलं कधीच. मनापासून सांगते. आणि झील मी धरीन तुझ्यामागं, पहिल्या रांगेत."

मी एकदा बोलले की बोलले. माघार नाही. जयंतीच्या दिवशी पांढरी साडी नेसले, विहारासमोर जाऊन मंगलच्या बरोबर मागं उभी राहिले. तिनं गाणं सुरू केलं. ती उंच जागा आली, तिनं अशी घेतली की पुढची माणसं माना डोलवायला लागली. माझ्या चौदा वर्षांत कुणी तशी मान डोलवली नव्हती. टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या, अगदी जोरात.

नंतर बायका जमल्या. "ताई, तुमी झील का नाय धरली? नुसत्या उभ्या होत्या. तोंड अजून उघडत नाय का?"

मी नुसती मान हलवली. तोंड चांगलं तीन बोटं उघडत होतं हो. पण उघडणार कसं? आत काय आहे ते सगळ्यांना दिसलं असतं. मंगल माईकसमोर उभी राहिली की माझा जबडा काय करेल, याची माझी मलाच खात्री नव्हती. म्हणून घरातून निघतानाच मी ती डबी उघडली होती आणि भर दुपारी पट्टी घालूनच गेले होते.